जहाज सुटेपर्यंत

विम्याचा हप्ता भरला आणि जाणं फिसकटलं, तर जहाजाच्या सहलीचे सगळे पैसे परत. नाही भरला आणि सुखरूप फिरून आले, तर हप्ता वाचला. शेठ बुकिंगच्या टेबलाशी बसून दोन्ही बाजू तोलत होते. जुन्या गाड्या घेण्या-विकण्यात केस पिकलेल्या माणसाला एवढ्या हिशेबाला कागद लागत नाही.

"तुम्हा दोघांना काही झालं," टेबलापलीकडची मुलगी सांगत होती, "किंवा घरी आईवडिलांना, मुलांना काही झालं आणि जाता आलं नाही, तर विमा पैसे देतो."

"घ्या ना हो," शेजारून बायको म्हणाली. "बाबांचं ते तसं..."

शेठनी टेबलाखाली तिच्या पावलावर बूट ठेवला. शेठच्या बाबांचं हृदय दोन वर्षं कुरकुरत होतं. पण हे कुठे सांगायचं असतं? शेठचा धंद्यातला अनुभव असा, की आपण शंका काढली की समोरच्याला दुखरी जागा कळते, आणि मग भाव फिरतो. म्हणून जुना आजार विम्यात चालतो का, हे विचारायचं ते त्यांनी विचारलंच नाही. दुसरंच विचारलं.

"पैसे मागायची वेळ आलीच, तर कागद कसले लागतात?"

"डॉक्टरांचे. अलीकडच्या तपासण्या वगैरे."

शेठनी हप्ता भरला. जिना उतरताना बायकोवर डाफरले, "तोंड उघडलं असतंस तर दुप्पट लावला असता तिने. आता जहाज सुटेपर्यंत बाबांचा नवा कागद व्हायला नको म्हणजे झालं."

"अहो, पण पुढच्या आठवड्यातली तपासणी?"

"आल्यावर करू. कुठे पळून जातेय ती?"

बाबांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. बाबा अजून रोज गाड्यांच्या आवारात खुर्ची टाकून बसत. आवार त्यांनीच थाटलेलं, धंदाही त्यांनीच शिकवलेला. शेठ शेजारी उभे राहून उगाच एका गाडीचा आरसा पुसू लागले.

"बाबा, ते डॉक्टरांचं जरा पुढे ढकलू या. विम्याचं असं आहे की..."

"कळलं," बाबा म्हणाले. "विकायला उभी केलेली गाडी गॅरेजच्या दारात दिसता कामा नये. मलाच शिकवतोस होय रे?"

आणि हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

बाबा शब्दाला पक्के. डॉक्टरांचं नाव त्यांनी काढलं नाही. जुन्याच गोळ्या घेत राहिले. आडवं झालं की दम लागायचा, तर उशीवर उशी चढवून बसल्या बसल्या झोपायला लागले. शेठच्या बायकोने एकदा त्यांचे पाय पाहिले. सूज होती. अंगठ्याने दाबलं की खळगा तसाच राहत होता. तिने सरळ रिक्षा बोलावली आणि चपला घालून उभी राहिली.

"बाबा, उठा. मी नेते तुम्हाला. ह्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

"सूनबाई, रिक्षा परत पाठव." बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "लग्न होऊन आलीस तशी या घराबाहेर चार दिवस राहिली नाहीस तू. आता जहाजात बसायला मिळतंय, त्यात माझी पाचर कशाला? जा, बॅगा भर."

तिने संध्याकाळी नवऱ्याला पाय दाखवले. शेठनी पाहिले. अशी खूण एखाद्या गाडीवर दिसती, तर त्यांनी ती फुकटातसुद्धा घेतली नसती.

"थोडेच दिवस राहिलेत," ते म्हणाले.

खरोखरच थोडे राहिले होते. बॅगा दाराशी येऊन उभ्या होत्या, त्याच आठवड्यात एका पहाटे बाबा उशांना टेकल्या टेकल्या गेले. डॉक्टर आले, पाय दाबून पाहिले. मग म्हणाले, "औषध बदलून हे पाणी उतरवता आलं असतं. तपासणीला का नाही आणलं?" बायको आत निघून गेली.

पंधरवड्याने शेठ मृत्यूचा दाखला घेऊन बुकिंगच्या टेबलाशी एकटेच जाऊन बसले. काय बोलायचं ते घरून घोकून आले होते.

"अचानकच झालं हो. आधी काही म्हणजे काही नव्हतं. ठणठणीत होते."

"वाईट झालं," मुलगी म्हणाली. "जुनी फाइल आहे का त्यांची?"

शेठनी दाखला पुन्हा आपल्याकडे ओढला. "जुनी... तशी काही नाही."

"असेल तर आणा, काम लवकर होतं. घाबरू नका, घरी राहणाऱ्यांचा जुना आजार विम्यात धरलेलाच असतो. हप्ता तेवढाच. पहिल्या दिवशी सगळे आधी हेच तर विचारतात."

शेठनी दाखला पुढे सरकवला. पैसे महिन्याभरात परत आले, पूर्ण. त्यांचा गेला तो हप्ता तेवढा. बाकीचं सगळं बाबांनी भरलं होतं.