ओढ्याच्या वळणावरची फुली

"भिंतीच्या आडोशाला मोठा कटला बसतो," म्हणत सासऱ्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं आपलं गाव काढायला घेतलं. गाव धरणाच्या पाण्याखाली होतं. रविवारी जावई मित्रांना घेऊन तिथं गळ टाकायला जाणार होता, आणि डोंगरातल्या त्या अफाट पाण्यात मासा कुठं लागेल हे सासऱ्यांएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ही चावडी. ही पाटलाची विहीर, हितं नक्की लागंल. पिंपळापाशी होडी नेऊ नका, गळ फांद्यांत अडकतो."

ओढ्याच्या वळणावर मात्र कागद कोराच राहिला. "मामा, इथं तर पाणी खोल असणार," म्हणत जावयानं त्यांच्या हातची पेन्सिल घेतली आणि तिथं ठसठशीत फुली मारली.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थांबल्या. जावयाच्या प्रत्येक खेपेला त्या धरणातला मासा रांधायच्या, आग्रहानं वाढायच्या. स्वतः मात्र कधी खात नसत.

"तिथं नको, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. आमचं पयलं तिथं हाय. गाव उठलं तवा देव वर आणले. त्याला कसं आणायचं?"

जावई घाईघाईनं फुली खोडायला लागला. सासऱ्यांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बारसं व्हायच्या आधीच गेलं. नावबी न्हाई त्याला. तेवढी फुली असू द्या."