मरीआईच्या माळावरची दाढ

हाही खड्डा रिकामाच निघाला, तशी देवयानी मातीच्या ढिगावर बसली आणि तिनं तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला.

"आजोबा, बास आता."

जोतीरामनं कुदळ टेकवली. माळ त्याचाच. बार्शीच्या पुढं, ओढ्यापलीकडं, मरीआईच्या शेंदऱ्या दगडाला लागून. त्याच्या पणज्याच्या काळात प्लेग आला, तेव्हा गावानं घरं सोडून रानात खोपी घातल्या होत्या. मेलेल्यांना जाळायला लाकूड पुरेना, उचलायला माणसं पुरेनात, म्हणून त्यांना याच माळावर पुरलं. ही हकिकत जोतीराम भेटेल त्याला सांगायचा, आणि दर सांगण्याला मेलेल्यांचा आकडा वाढायचा. ती फिरत फिरत सोलापुरात देवयानीच्या कानावर गेली होती.

देवयानी तिथल्या एका प्रयोगशाळेत प्लेगच्या जंतूवर संशोधन करायची. त्या काळातला जंतू एवढा जहाल कशामुळं होता, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी प्लेगनं मेलेल्या माणसाचा दात हवा होता. दाताच्या पोटात रक्त सुकून राहतं, आणि त्या रक्तात जंतूच्या खुणा.

जोतीरामची बायको बजाबाई चहाची किटली घेऊन आली.

"त्यो जंतू उठून बसायचा न्हाय न्हवं?"

"नाही हो आजी. तो कधीच मेलाय. नुसता ठसा उरतो."

"मेलेल्याला उकरायचं, आन् वर त्येचा ठसा घ्यायचा. सरकारी कामच की ह्ये."

एरवी देवयानी हसली असती. आज तिनं कप तसाच मातीवर ठेवला.

"किती ठिकाणी खणलं, आजोबा. करमाळ्याकडं झालं, वेळापूरकडं झालं. हाडं मिळाली तर दात नाहीत, दात मिळाले तर आत काही नाही. सर म्हणालेत, या खेपेला रिकाम्या हातानं आलीस तर तुझं काम बंद."

"बंद मंजे?"

"म्हणजे घरी. मावशीनं मुलगा बघून ठेवलाय."

"कसा हाय?"

"बरा आहे."

"मंग लईच वाईट," जोतीराम म्हणाला.

देवयानीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. जोतीराम अस्वस्थ झाला. नदीचा पूर, पिसाळलेला बैल, गावचा सरपंच, यांतल्या कशालाच तो भीत नसे, पण रडणारी पोर त्याला सहन होत नसे.

"उठ, पोरी. बाभळीखालचा कोपरा ऱ्हायलाय. माजा आज्जा तिकडंच बोट करायचा. पर तितं कुदळ न्हाय चालायची, दात फुटंल. थांब, घरातनं खुरपं आणतो."

तो खुरपं घेऊन आला. देवयानीनं दिलेले रबरी हातमोजे चढवले आणि बाभळीखाली उकिडवा बसला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती.

"पोरी, ह्ये बग की!"

मातीनं माखलेली एक दाढ. देवयानीनं ती चिमट्यात धरून उन्हात फिरवली.

"किडलीय. पण मुळं शाबूत आहेत, आजोबा! अगदी शाबूत!"

तिनं दाढ नळीत टाकली, झाकण लावलं आणि हातमोज्यांसकट त्याच्या पाया पडली.

"बाकीचा मानूस कुटं गेला?" बजाबाईनं विचारलं.

"कोल्ह्यांनी नेला असंल."

"आन् दाढ ठिवली?"

"किडकी हुती की."

देवयानी त्याच दुपारच्या एसटीनं परत गेली.

त्यानंतर जोतीरामचं जेवण कमी झालं. ओढ्याकडून गाडीचा आवाज आला की तो कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभा राहायचा. बजाबाईला वाटलं, म्हातारपण. दिवाळीच्या तोंडावर एक पांढरी गाडी खरंच दारात थांबली, तेव्हाही तो गंजीमागंच होता.

"आजोबा! पेढे आणलेत!"

'पेढे' ऐकून तो बाहेर आला. डोक्यात कडबा अडकलेला.

"सापडला," देवयानी म्हणाली.

"काय?"

"जंतू. आपल्या दाढेत."

जोतीराम मटकन ओट्यावर बसला.

"सर तर खुर्चीतून उठलेच. माझं काम चालू राहणार, आजोबा. मावशीला तसं कळवूनसुद्धा टाकलं." तिचा चेहरा उजळला होता. बऱ्याच महिन्यांनी पोटभर झोपलेल्या माणसाचा असतो तसा. "पुरुष होता तो. वय वीस-बावीस. आणि जंतू इतका जहाल, की ताप चढल्यावर तिसऱ्या दिवशी गेला असणार बिचारा."

"येवडं समदं दाढेतनं कळतं?"

"दाढ सगळं सांगते."

"आन् त्यात चूकबीक?"

देवयानीनं पेढ्यांचा खोका बजाबाईपुढं सरकवला.

"पुन्हा पुन्हा तपासलं," ती म्हणाली, आणि वाफाळता चहा एका घोटात संपवला.

जोतीराम तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या, आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की दारातली शेळी दचकली.

"झ्याक! मंग लई झ्याक झालं, पोरी!"

तीही हसली. दोघं हसत राहिले. कितीतरी दिवसांनी जोतीरामला भूक लागली आणि त्यानं लागोपाठ चार पेढे खाल्ले.

गाडी ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली, तरी बजाबाईच्या हातातला पेढा तसाच होता. तिचे डोळे भरून आले होते.

"बावीस वर्साचं पोरगं, वं. कुणाच्या पोटचं असंल? तिसऱ्या दिशी गेलं. ना घास, ना पाणी. ह्यो पेढा त्येच्या नावानं माळावर ठिवून येते."

ती चपला शोधू लागली. जोतीरामनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"त्यो तूच खा," तो म्हणाला. "गेल्या साली बार्शीच्या डॉक्टरनं उपटलेली तुजीच दाढ हाय ती."