दुसरी पेटी
मधली सुटी. डब्यातला झुणका अर्धा टाकून, हात न धुताच वच्छला प्रयोगशाळेत शिरली. वर्गातल्या शालूच्या पेटीचं झाकण उघडून तिनं आतल्या आरशाला बोटानं हळूच रेटलं. भिंतीवरचा उजेडाचा ठिपका पेन्सिलीच्या खुणेवरून बोटभर सरकला. वच्छलाच्या जिवाला गार वाटलं.

तीन महिने हा ठिपका तिच्या डोळ्यांत सलत होता. पेटीत दोन आरसे समोरासमोर. कंदिलाचा उजेड एका भोकातून आत शिरायचा, आरशांमध्ये दहादा उड्या मारायचा आणि दुसऱ्या भोकातून भिंतीवर पडायचा. खुशालराव सरांनी एकदा सांगितलं होतं, विलायतेत शास्त्रज्ञ असेच आरसे मांडून बघतात, सृष्टीचे नियम काळासोबत बदलतात का. झालं. शालूनं तशी पेटी बनवली; रोज ती खूण तपासायची अन् वहीत लिहायची, ‘जागेवर.’ अकोल्याच्या त्या शाळेतून अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनाला एकच मुलगी जाणार होती. घरी वच्छलाची आई रोज डिवचायची, "स्टेशनावर कंदील पुसणाऱ्या जानरावची शालू तुह्या पुढं चालली. अन् तू?"

सुटी संपली. सर आले. शालूनं भिंतीकडे पाहिलं.

"सर, ठिपका सरकला."

"म्हंजे आज दुपारी सृष्टीचा नियम बदलला म्हणतं?"

पोरी फिदीफिदी हसल्या. वच्छला सगळ्यांत मोठ्यांदा.

शालू कपाटामागं गेली. तिथं फडक्याखाली दुसरी पेटी होती, हुबेहूब तशीच. तिनं कंदील लावला. त्या पेटीचा ठिपका आपल्या खुणेवर गप बसलेला.

"नियम बदलला असता तं दोन्ही सरकले असते, सर. एकच सरकला. म्हंजे पेटीतच काही झालं."

सरांनी दोन्ही ठिपके निरखले. मग म्हणाले, "अमरावतीले तूच जाशील."

शालूनं पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. आरशावर झुणक्याचं पिवळं बोट उमटलं होतं. समोरासमोरच्या आरशांत त्या एका बोटाची रांगच्या रांग लागली होती, पार आतपर्यंत. वच्छलानं हात परकरात लपवला. शालूनं ते पाहिलं. वेणीची रिबीन सोडून तिनं आरसा पुसला, सर वाकायच्या आत.

"पण दुसरी पेटी ठेवाची, हे तुले सुचवलं कोणं?" सरांनी विचारलं.

शालू रिबीन पुन्हा बांधत होती. गाठ घट्ट बसल्यावर तिनं मान वर केली.

"वच्छलानं, सर."