धक्का नको

"काही धक्का बसला होता का यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो," चैताली म्हणाली. "आई सकाळी आबांबरोबर भात कापायला गेली होती, परंदवडीला. रस्त्याला आली आणि छाती धरून खाली बसली. शेजारच्या दत्तोबांनी रिक्षात घालून आणलं."

डॉक्टरांनी तिच्या पोटाकडे पाहून खुर्ची पुढे केली. "रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. हा हार्ट अटॅक नाही, फक्त तसा दिसतो. मोठ्या धक्क्याने कधीकधी हृदय असं फुगतं. सावरेल. पण तोवर दुसरा धक्का नको."

दुपारी धाकट्या भावाचा, प्रदीपचा फोन आला.

"ताई, आबा गेले. बांधावर निजले होते. उन्हासाठी आईचा स्कार्फ तोंडावर घेतलेला. उठवायला गेलो, तर..."

आईचं कळलं आणि हाय खाऊन गेले, असं सगळेच म्हणाले. आईला एकटं कसं सोडायचं? चैताली मातीला गेली नाही. तोंड धुऊन आत आली.

"तुजं आबा न्हाई आलं?" आक्काबाई लेकीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती.

"भात पडलंय ना शेतात. उद्या येतील."

"व्हय. कामापुढं बायकू दिसती व्हय त्यांना?" आई हसली आणि भिंतीकडे वळली.

मग रोज तेच. प्रदीप म्हणतो, आबा भाताच्या झोडणीत आहेत. आबांचा पाय मुरगळलाय. आई ऐकून घ्यायची आणि आपल्या ताटातलं तिच्यापुढे सरकवायची. "खा. खिचडी हाय का भिंतीचा चुना, कुनास ठावं. पर पोटातल्यासाठी खा."

नर्सने काढून ठेवलेल्या बांगड्या चैतालीने पुढे केल्या, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सुईनं हात सुजलाय."

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता सांगा. पण हळूहळू."

चैताली कॉटवर टेकली. आबांचं शेवटचं तोंड बघायचा हक्क आईचा होता. तो आपणच हिरावून घेतला. आता ही कधी माफ करेल?

"आई," तिने आईचा हात हातात घेतला. "आबा..."

आक्काबाईने तिच्या पोटावर हात ठेवला.

"कळलं व्हय तुला? कुनी सांगितलं गं? ह्याच्यापायी तर मी गप ऱ्हायले." ती आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत म्हणाली. "त्यांचं तोंड स्कार्फनं झाकून, कुनाला तरी हाक माराया म्हून मी रस्त्याला आले व्हते."