वीणेचा पहारा

या, जवळ बसा, पहाऱ्याची गोष्ट सांगते. धुळ्याच्या हरिनाम सप्ताहात वीणा धरायची नूतनची पाळी, म्हणजे पहारा होता. तो संपूनही पुढच्या पहाऱ्याची बाई, दिपमाला, आली नव्हती, आणि वीणा खाली टेकवायची नसते. कमरेचा मोबाईल थरथरत होता. शेतातल्या ठिबकच्या झडपा चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत फट सापडली होती. त्या फटीतून ऐन वैशाखात कुणीही दुसऱ्याच्या केळीचं पाणी तोडलं असतं. नूतनकडे दुरुस्ती तयार होती, ती पाठवायचा अधिकारही होता. पण सॉफ्टवेअर चोपड्याचा प्रेमराज एकटा सांभाळायचा. त्याच्या होकाराशिवाय हात लावायची रीत नव्हती, आणि उत्तर येत नव्हतं. "पाय सुजनात ना, दे माले," शेजारी उभ्या पुष्पाअक्का म्हणाल्या. "तुमचा पहारा नाही, अक्का." "मंग? दिपमाला उनी का तिले देसू." दिपमाला येईपर्यंत वीणा अक्कांकडे देऊन नूतननं होकाराची वाट न बघता दुरुस्ती पाठवली, सांभाळणारा म्हणून नाव प्रेमराजचंच ठेवलं. देवापुढे हात जोडताना त्याची आठवण ठेवा. सॉफ्टवेअर एकट्यानं सांभाळायचा त्याचा पहारा बदलायला कुणी आलंच नव्हतं.