आईचं गंगावन

जॅनेटने कपाट उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. आईचं गंगावन अर्धं कापलेलं! विंचरताना गळलेले पांढरे केस वर्षानुवर्षं जपून आईने ते केलं होतं; ती गेल्यावर जॅनेटने वसईहून कतारला आणलं. टेबलावर नवऱ्याने, अलेक्सने, साहेबासाठी बांधलेल्या सॅमन मासे पकडायच्या तीन नकली माश्या झळकत होत्या. गळाला रंगीत पिसं आणि केशरी, लालभडक केस. अलेक्स म्हणाला, “पांढऱ्या केसांवर रंग मस्त चढतो गं. मला वाटलं, विकतचं आहे.” “विकतचं? विचारायला तोंड नव्हतं तुला?” तेवढ्यात बेल वाजली. “साहेब आले! स्कॉटलंडला मासे पकडायला निघालेत. माझं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे, आता हा विषय संपव ना!” जॅनेटने तिन्ही माश्या उचलल्या, अंबाड्यात खोचल्या आणि स्वतःच दार उघडलं. “या, सर. माझ्या आईचे केस आहेत हे. हवे असतील तर तुम्हीच उपटा.”