कळ येऊ द्या

कंबरेला पट्टा, पट्ट्याला रबराचं पोट.

पिशवीत भरीत-भाकरीचा डबा, अजून न उघडलेला.

तीस तारखेला संपणारी रजा.

दारावर खडूनं काढलेला सात.

उलटं बाळ. ढुंगण खाली, डोकं वर.

आठ मिनिटं.

हे सगळं धुळ्यातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, एकाच खोलीत जमलं होतं. एम.एस्सी.ची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा: दर खोलीत एक काम, आठ मिनिटं, मग घंटा; ही सातवी खोली. परीक्षार्थी दिपमाला, वय बेचाळीस, भडगावकडची सिस्टर. अठरा वर्षं बाळंतपणं केल्यावर दोन वर्षांची रजा काढून शिकायला आलेली. या खोलीत नापास म्हणजे अख्खी परीक्षा नापास, आणि अशी रजा काही दुसऱ्यांदा मिळत नाही.

रबराचं पोट बांधून खाटेवर पडल्या होत्या कॉलेजातल्या रत्नाबाई. एरवी त्या वर्ग झाडायच्या. परीक्षेच्या दिवशी बाळंत व्हायच्या. सिस्टरनं ‘जोर लावा’ म्हटलं की पोटात दडवलेल्या हातांनी बाहुली बाहेर ढकलायची, एवढंच काम. बोलायचं नाही.

समोर खुर्चीवर अफिफा मॅडम. जळगावहून आलेल्या परीक्षक, वयानं दिपमालापेक्षा दहा वर्षांनी लहान. मांडीवर कागद, कागदावर रकाने.

*१. आईला नाव विचारते.* बरोबर.

*२. हात धुते.* बरोबर.

बाहुलीचं ढुंगण आलं, पाय सुटले, बेंबी दिसली. इथवर सगळं झरझर झालं. मग दिपमालानं डावा हात रबराच्या पोटावर ठेवला, उजवा पाठीमागे नेला आणि ती उभी राहिली.

नुसती उभी राहिली.

पंखा फिरत होता. अर्धं बाळ लोंबत होतं.

“सिस्टर, पुढे?” अफिफा मॅडम म्हणाल्या.

“कळ येऊ द्या, मॅडम.”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. “कळ आली असं तोंडानं म्हणायचं आणि पुढे जायचं. सकाळपासून सगळ्या तसंच करताहेत.”

“पण आलेली नाही.” दिपमाला पोटावरचा हात न काढता म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तशी ती म्हणाली.

*४. न ओढता थांबते.* मॅडमनी पेन टेकवलं, उचललं. थांबणं म्हणजे किती, हे कागदावर नव्हतं.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. दिपमालाच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. तिला घड्याळ दिसत होतं. तीस तारीखही दिसत होती. म्हणायला काय जात होतं? दोन शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आले, आणि हाताखालचं पोट मऊच लागलं.

ती खाली वाकली आणि रत्नाबाईंच्या कानाशी, घरच्या बोलीत पुटपुटली, “दम धर व माय. घाई नई शे.”

रत्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला, एक हात पोटातून काढून त्यांनी खाटेची कड घट्ट धरली आणि त्या कण्हल्या, “अक्का, उनी. कय उनी व.”

“रत्नाबाई,” अफिफा मॅडम म्हणाल्या, “तुम्ही बोलायचं नाही, ठरलंय ना?”

“सकाळपासून नऊ वेळा बाळंत झाले, मॅडम. गप्पच होते.”

“मग आता काय झालं?”

“आता कळ आली.”

दिपमालानं तोवर उजवा हात पुढे घेतला होता. “लाव जोर. लाव माय. असा.” बाहुली इंचाइंचानं खाली आली. एक हात सुटला, दुसरा सुटला. मान दिसली.

घंटा वाजली.

घंटा झाली की हात बाजूला, असा नियम. दार उघडून पुढची मुलगी आत आलीसुद्धा, एप्रनची नाडी ओढत. दिपमाला जागची हलली नाही. बाहुलीचं अंग तिनं आपल्या मनगटावर आडवं पेललं होतं.

“डोकं आत आहे, मॅडम,” ती म्हणाली.

अफिफा मॅडमनी कागदाकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. रत्नाबाई खरोखरच धापा टाकत होत्या.

“बाहेर थांब गं,” मॅडम दाराकडे न बघता म्हणाल्या. “इथं बाळंतपण चालू आहे.”

दार लागलं.

पुढची कळ लवकर आली. रत्नाबाईंनी ती दयेनंच आणली असावी. डोकं सुटलं. दिपमालानं बाहुली पुसली, कपड्यात गुंडाळली आणि रत्नाबाईंच्या छातीवर ठेवली. रत्नाबाईंनी ती घेतली, परत द्यायची विसरल्या.

*वेळेत पूर्ण करते.* फुली. बाकीचे रकाने अफिफा मॅडमनी एकेक करून भरले. वीसपैकी अठरा. कागद उलटा ठेवून त्या म्हणाल्या, “जा, जेवून घ्या आता.”

दोन हजार सातमध्ये, नोकरीच्या पहिल्या वर्षी, गिरणेकाठच्या एका वस्तीवर दिपमालानं एक पायाळू बाळ कळेची वाट न बघता ओढलं होतं. त्याचं नाव योगराज. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो तिला अक्का म्हणतो आणि बारावीचे पेपर त्यानं डाव्या हातानं लिहिले.